सिकंदराबादच्या संगणक-बाजारात

हैदराबाद आणि सिकंदराबाद यांना जुळी शहरे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जुळ्या भावंडांत जे साम्य असावे ते या दोहोंत फारसे आढळत नाही. हैदराबाद वसविले कुतुबशाहीने, १५९१ साली. सिकंदराबाद उभे राहिले ते इंग्रजांच्या फौजेमुळे. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर हुसेनसागराच्या उत्तरेकडील माळावर जी छावणी पडली, तिला १८०६ साली निजाम सिकंदर जाह यांचे नाव मिळाले. छावणीच्या पाठोपाठ मुदी, शिंपी, घड्याळजी आणि दारूविक्रे आले, पारशी पेढीवाले आले, आणि रस्त्यांना जेम्स स्ट्रीट, पार्कलेन अशी नावे पडली. जेम्स स्ट्रीटचा पुढे महात्मा गांधी मार्ग झाला. पार्कलेन मात्र आजही पार्कलेनच आहे.

सुलतानबाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांतील आम्हा मराठी मंडळींचा सिकंदराबादेशी संबंध बहुधा आगगाडीपुरताच राहिला. आपली शाळा विवेकवर्धिनी, आपली पुस्तके मराठी ग्रंथसंग्रहालयातली, आपला भाजीपाला आणि लुगडी-धोतरे सुलतानबाजारातली. सिकंदराबादेस जायचे ते गाडी पकडायला, नाहीतर पाहुण्यांना उतरवून घ्यायला. असे असता वयाच्या पंचाहत्तरीत मी तेथील बाजारात सबंध दोन दिवस काढले, आणि तेही संगणकाचे सुटे भाग विकत घेण्यासाठी, हे ऐकून ग्रंथसंग्रहालयातील माझे स्नेही चकित झाले. म्हणून त्या बाजाराची हकिगत येथे सविस्तर देत आहे.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला काही वर्षांपासून विकार जडला आहे. समोरच्याचा चेहरा धुक्यातून पाहावा तसा दिसतो; दूरदर्शन-संचावरचे चित्र म्हणजे नुसते हलणारे रंग. आमची नात इंटरच्या पहिल्या वर्षात शिकते. घरात तिच्या मोठ्या भावाने मागे ठेवलेले प्लेस्टेशन-४ हे खेळयंत्र आहे, आणि तिला त्यावर मोटारशर्यतीचा खेळ खेळण्याचा नाद आहे. मी शेजारी बसलेला असे. मला दिसत नाही म्हणून ती खेळता खेळता काय चालले आहे ते सांगू लागली: "आजोबा, वळण आलं, पुढची निळी गाडी बाहेर फेकली गेली, मी आतून घुसते आहे." हळूहळू या सांगण्याला लय आली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ज्यांनी कान देऊन ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मैदान न पाहता ते डोळ्यांपुढे उभे राहत असे.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि शाळेत तेलुगू, रस्त्यावर दखनी बोलणाऱ्या या मुलीच्या तोंडून सलग अर्धा तास मराठी मी एरवी कधीच ऐकले नव्हते. जेवणाच्या पानावरचे मराठी चार वाक्यांत संपते. शर्यतीचे मराठी मात्र थांबत नसे. तिची इंदूरची मामेबहीणही याच खेळातली. दोघींनी ठरविले की शर्यती मराठी समालोचनासह इंटरनेटवरून थेट प्रक्षेपित करायच्या, म्हणजे ज्याला पाहायचे त्याने त्याच क्षणी पाहावे आणि ऐकावे.

सूनबाईंनी साहजिकच हरकत घेतली. इंटरचे वर्ष, त्यात खेळ, आणि आता खेळाचे प्रक्षेपण! माझी टपालकचेरीतील एक आवर्ती ठेव त्या सुमारास मुदत पुरी होऊन हाती आली होती. त्यातले चाळीस हजार मी या कामी देऊ केले. सूनबाईंनी दोन अटी घातल्या: चाळिसाचे एकेचाळीस होता कामा नयेत, आणि रात्री दहानंतर यंत्र चालू दिसता कामा नये. अटी रास्त होत्या. चाळीस हजार ही आमच्या घरात विसरून जाण्याजोगी रक्कम नव्हे.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. प्रक्षेपणासाठी संगणक लागतोच असे नाही. प्लेस्टेशन-४ च्या हातातील नियंत्रकावर 'शेअर' नावाची कळ असते. ती दाबून ट्विच किंवा यूट्यूब यांवर खेळ थेट पाठविता येतो. त्याला एक पैही पडत नाही. आमच्या नातीने पहिला महिना तसेच केले, आणि ज्या घरी असा हट्ट चालू असेल त्यांनी प्रथम हेच करून पाहावे. महिनाभरात उत्साह मावळला, तर पैसे वाचले. आमच्याकडे तो मावळला नाही. उलट उणिवा दिसू लागल्या. पडद्यावर देवनागरीत नावांची पट्टी मनासारखी मांडता येईना, आणि इंदूरच्या बहिणीचा आवाज जोडीदार समालोचक म्हणून हवा तसा मिसळता येईना. त्यासाठी मध्ये संगणक हवा होता.

पूर्वी कोठीहून सिकंदराबादेस जायचे म्हणजे डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर बसून टँक बंडावरचा वारा खात जाणे असे. आता २०२० साली सुरू झालेली मेट्रोची हिरवी मार्गिका सुलतानबाजारातूनच जाते. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, मुशीराबाद अशी ओळखीची नावे घेत गाडी घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून जाते. नात मला खिडकीतून दिसणारे सांगत होती: कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, कुठे पतंग अडकलेली तार. परेड ग्राउंडला गाडी बदलायची, आणि तेथून पुढचेच स्थानक पॅराडाईज. हे नाव मूळचे एका चित्रपटगृहाचे. त्याला लागून १९५३ साली निघालेल्या उपाहारगृहाने बिर्याणीच्या जोरावर ते जगभर नेले. चित्रपटगृह गेले, चौकाला नाव राहिले.

तेथून पार्कलेन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चिनॉय हे सिकंदराबादेतील जुने पारशी घराणे. त्यांच्या नावाची 'चिनॉय ट्रेड सेंटर' ही इमारत म्हणजे या संगणक-बाजाराचे हृदय. लोक तिला नुसते 'सीटीसी' म्हणतात. शहराच्या पश्चिमेस १९९८ साली सायबर टॉवर्स ही इमारत सुरू झाली आणि हैदराबादचे नाव संगणकाच्या क्षेत्रात सर्वत्र झाले. परंतु तेथे जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. संगणक नावाची वस्तू पाहायची, हातात घेऊन वजन करायची, घासाघीस करून घरी आणायची, तर पार्कलेनलाच यावे लागते.

मला दिसले थोडे. पण बाजार कानांनीही पाहता येतो. खोकी फोडताना चिकटपट्टीचा होणारा आवाज, जिन्यावरून हमालांची "बाजू, बाजू" अशी हाळी, पंख्यांची घरघर, कुठे छपाईयंत्राच्या शाईचा तर कुठे डाख लावताना तापलेल्या कथलाचा वास. एका दुकानात तेलुगू चालू आहे, शेजारी मारवाडी वळणाची हिंदी, आणि गिऱ्हाईक-दुकानदार यांची समाईक भाषा म्हणजे आमची दखनी. दुकाने लहान, काहींत तर दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावे. भाव पाटीवर नसतो. दुकानदार कागदाच्या चिठोऱ्यावर एकाखाली एक भाग आणि त्यांच्या किमती लिहून देतो. याला 'कोटेशन' म्हणतात. शहाणा गिऱ्हाईक तीन-चार कोटेशने खिशात घालून मगच बोलायला लागतो.

हे २०२४ सालच्या दिवाळीनंतरचे दिवस. पहिल्या दुकानात नातीने सांगितले, "गेमिंगसाठी संगणक हवा आहे, स्ट्रीमिंग करायचं आहे." दुकानातील मुलाने भराभर लिहून चिठोरा पुढे केला. नातीने बेरीज वाचली: अडुसष्ट हजार. तिचा आवाज एकदम खाली आला. त्यात निम्म्याच्या जवळ रक्कम एका वस्तूची होती: ग्राफिक कार्ड. मुलगा म्हणाला, "अंकल, इसके बगैर गेम चलताइच नहीं."

आम्ही बाहेर येऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे मागविली. नात गप्प होती. परत जाऊन "चाळिसात होत नाही" असे सांगावे, की माझ्याकडून आणखी रक्कम घ्यावी, असे दोनच मार्ग तिला दिसत होते. मी आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली. मला रकमेपेक्षा रकान्याची चौकशी करायची सवय. मी तिला विचारले, "शर्यतीतल्या गाड्या, रस्ता, झाडं हे चित्र तयार कोण करतं? हा नवा संगणक की आपलं प्लेस्टेशन?" ती म्हणाली, "प्लेस्टेशन." "मग संगणकानं काय करायचं?" थोडा वेळ विचार करून ती उत्तरली, "फक्त ते चित्र घ्यायचं, आवळायचं आणि पाठवायचं."

सगळे मर्म या एका वाक्यात होते. दुकानातील मुलगा खोटे बोलला नव्हता. 'गेमिंग' हा शब्द ऐकल्यावर त्याने धरून चालले की खेळ संगणकावरच चालणार आहे, आणि त्याला भारी ग्राफिक कार्ड खरोखरच लागते. आमचा खेळ तर दुसऱ्याच यंत्रात चालतो. स्वयंपाक एका घरी होतो आणि आपल्याला केवळ डबा पोचवायचा आहे. त्यासाठी दुसरी चूल विकत घेण्याचे कारण नाही.

आता हे 'आवळणे' म्हणजे काय? खेळयंत्रातून निघणारे चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० अशा ठिपक्यांचे असते, आणि सेकंदाला अशी ६० चित्रे येतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट धरले, तर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट, म्हणजे ३ गिगाबिट होतात. हे घरच्या इंटरनेटवरून जसेच्या तसे पाठविणे अशक्य. म्हणून पूर्वी प्रवासाला निघताना गादी-चादरी आवळून वळकटी बांधीत, तसे हे चित्र बांधावे लागते. एका चित्रातून दुसऱ्यात जे बदलले नाही ते पुन्हा पाठवायचे नाही, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, अशा युक्त्यांनी ही वळकटी बांधली जाते. २००३ साली ठरलेली एच. २६४ नावाची पद्धत आजही सर्वत्र चालते. शेवटी आम्ही सेकंदाला साडेचार मेगाबिट पाठवितो. म्हणजे मूळच्या सुमारे साडेसहाशेवा भाग.

ही बांधाबांध कोणी करायची, यावर संगणकाची किंमत ठरते. प्रोसेसरच्या सर्वसाधारण शक्तीवर करता येते, पण मग तो भारी लागतो. वेगळ्या ग्राफिक कार्डातील खास विभागाकडून करता येते, पण ते कार्ड महाग. तिसरा मार्ग साधा आहे. इंटेल कंपनी २०११ पासून आपल्या अनेक प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा एक लहानसा विभाग देत आली आहे. त्याचे कामच चित्र आवळण्या-उलगडण्याचे. तो प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक विभागाबरोबर येतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दुकानात आम्ही प्रश्नच निराळा विचारला: "खेळ प्लेस्टेशनवर चालतो. संगणकाला तो फक्त घेऊन पाठवायचा आहे. ग्राफिक कार्डाशिवाय, अंगभूत ग्राफिकवर काय बसेल?" काउंटरमागे एक वयस्क गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "तो फिर वो कार्ड नक्को साब, पैसा कायकू डालते?" वाचकहो, त्या 'नक्को' शब्दाने मला बरे वाटले. दखनीतला हा 'नक्को' आणि 'चलताइच' मधला जोर देणारा 'च', हे दोन्ही मराठीकडून गेलेले आहेत, असे भाषेचे जाणकार सांगतात. दखनचे सुलतान गेले, निजाम गेले. पण सिकंदराबादच्या दुकानदाराला एखादी गोष्ट नाकारायची झाली तर तो अजून मराठीतच नाकारतो.

त्यांनी आय-३ मालिकेतील, २०२२ च्या आरंभी निघालेला १२१०० हा प्रोसेसर सुचविला आणि एक खोके पुढे सरकविले. नात खोक्यावरचे मला वाचून दाखवीत होती. आकड्यांनंतर ती थबकली, "आजोबा, इथे शेवटी एफ आहे." हे एक अक्षर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच नावाच्या प्रोसेसरपुढे 'एफ' असला, तर त्यात अंगभूत ग्राफिक विभाग चालू नसतो, आणि म्हणून क्विक सिंकही नाही. तो स्वस्त मिळतो. परंतु त्याच्यावर ग्राफिक कार्ड घेतल्यावाचून गत्यंतर नसते. पहिल्या कोटेशनमध्येही एफचाच प्रोसेसर होता. दुकानदारांनी चटकन खोके बदलून दिले.

त्यानंतर कॅप्चर कार्ड. पाटाचे पाणी दोन वाफ्यांना वळवावे तसे हे लहानसे उपकरण खेळयंत्राकडून एचडीएमआय तारेने आलेले चित्र दोन वाटांनी सोडते: एक वाट थेट दूरदर्शन-संचाकडे, दुसरी यूएसबी तारेने संगणकाकडे. पहिली वाट फार महत्त्वाची. संगणकाच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते. शर्यतीत तेवढ्या उशिरानेही गाडी भिंतीवर आदळायची. म्हणून खेळणाराने संचाकडे पाहून खेळावे आणि संगणकाकडे प्रक्षेपणापुरते लक्ष ठेवावे. बाजारात सात-आठशे रुपयांत मिळणारी कॅप्चर कार्डेही आहेत. त्यांतील बहुतेकांत ही पहिली वाट नसते, आणि ती यूएसबी २.० ची, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटांची असतात. ३ गिगाबिटांचा प्रवाह त्या बोळातून जाणार कसा? चित्र अगोदरच दाबावे लागते आणि बहुधा सेकंदाला ३० चित्रांवर भागवावे लागते. बुद्धिबळासारख्या संथ खेळाला ते चालेल. आम्ही यूएसबी ३.० चे, ६० चित्रे पेलणारे घेतले, आणि सबंध खरेदीत हात सैल सोडला तो येथेच.

काटकसर करू नये अशी आणखी एक जागा म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकटात मिळणारा डबा बिघडला तर तो एकटा जात नाही, सोबत इतर भागही घेऊन जातो. आमचा प्रोसेसर फार तर ८९ वॅट घेतो. तेव्हा मोठा डबा नको, चांगला हवा. '८० प्लस ब्राँझ' असे प्रमाणपत्र असलेला ४५० वॅटांचा डबा घेतला. मेमरी १६ जीबी, पण एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन. कारण अंगभूत ग्राफिक विभाग हीच मेमरी वापरतो, आणि दोन पट्ट्यांनी त्याला ये-जा करायला दोन वाटा मिळतात.

हिशेब असा झाला: प्रोसेसर १०,५००, मदरबोर्ड ६,०००, मेमरी ३,२००, पाचशे जीबीची एसएसडी ३,३००, कॅबिनेट २,०००, एसएमपीएस २,८००, कॅप्चर कार्ड ८,५००, ध्वनिग्राहकासह कर्णयंत्र २,००० आणि लॅनची तार ३००. एकूण ३८,६००. पडदा, कळफलक आणि माऊस घरचे जुनेच.

एका दुकानात कोणी विंडोज ही प्रणाली 'ऐसेइच' टाकून देण्याची तयारी दाखविली होती. परवान्यावाचूनची ती वस्तू आम्ही घेतली नाही. उबुंटू ही विनामूल्य प्रणाली नातीने स्वतः घातली. प्रक्षेपणासाठी लागणारे ओबीएस स्टुडिओ, ज्याचा आरंभ २०१२ साली ह्यू बेली यांनी केला, तेही विनामूल्य असून उबुंटूवर चालते. अशा रीतीने सॉफ्टवेअरचा खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी दुकानातच जुळणी झाली. मदरबोर्डवरील खाचेत प्रोसेसर अलगद ठेवणे, वर पंखा बसविणे, मेमरीच्या पट्ट्या 'टक्' आवाज होईतो दाबणे, अशी ती पाऊण तासाची पूजाच होती. वयस्क दुकानदारांनी दुसरी पट्टी नातीला बसवू दिली. निघताना त्यांनी एक सूचना केली: प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि खोकी वर्षभर फेकू नका, वॉरंटी क्रमांकावर मिळते, ओळखीवर नाही.

घरी येऊन सारे जोडले, तर संगणकावर नुसता काळा पडदा. याचे कारण प्लेस्टेशनच्या सेटिंगांत सापडते. तेथे एचडीसीपी नावाचे कुलूप असते. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआय तारेतील चित्राला ते लावलेले असते. खेळाच्या प्रक्षेपणासाठी ते काढण्याची सोय तेथेच दिलेली आहे. मात्र ते काढलेले असताना त्या यंत्रावर चित्रपटांची ॲप्स चालत नाहीत. पाहायची झाल्यास पुन्हा लावावे.

इंटरनेटच्या बाबतीत बहुतेकांचे लक्ष उतरत्या वेगाकडे असते. प्रक्षेपणाला चढता वेग लागतो. सेकंदाला साडेचार मेगाबिट पाठवायचे तर त्याच्या दुपटीने तरी चढता वेग असावा, म्हणजे घरातील इतरांच्या वापराने चित्र अडखळत नाही. तासाला सुमारे २ जीबी खर्च होतात. वायफायवर न विसंबता राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढावी. आमची तार देवघराच्या चौकटीवरून गेली आहे. बघणारे बहुतेक मोबाइलवर बघतात, म्हणून पाठविताना चित्र १२८० बाय ७२० चे केले; सेकंदाला ६० चित्रे मात्र कायम ठेवली, कारण शर्यतीचा जीव वेगात आहे.

पहिल्या रविवारी संध्याकाळी प्रक्षेपण झाले. अकरा माणसे होती. त्यांपैकी सात नात्यातली. इंदूरहून मामेबहिणीचा आवाज येत होता, तिच्या मराठीला माळव्याचा गोडवा. आमच्या नातीच्या मराठीला दखनी खटका. खाली देवनागरीत दोघींची नावे होती, असे मला सूनबाईंनी सांगितले. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी घड्याळाकडे बोट दाखविले, आणि दहाला यंत्र बंद झाले. ती अट आजवर मोडलेली नाही.

ज्या वाचकांना सिकंदराबाद दूर आहे, त्यांच्यासाठी दिल्लीचे नेहरू प्लेस आहे, बंगळूरचा एस. पी. रोड आहे, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. सर्वत्र रीत हीच. वर दिलेले भाव २०२४ चे आहेत, ते प्रमाण मानू नयेत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी कारखाने आधी भागवू लागल्याचा तो परिणाम. अशा वेळी ८ जीबीच्या एका पट्टीवर आरंभ करून दुसरी खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे. बाजारात शिरण्यापूर्वी घरी बसून एवढेच लिहून काढावे, की यंत्राने कोणते काम करायचे आहे आणि कोणते दुसरे यंत्र अगोदरच करीत आहे. आमच्या बाबतीत त्या एका ओळीने एकोणतीस हजार चारशे रुपये वाचविले.

अलीकडे प्रक्षेपण ऐकणाऱ्यांत बेळगावचे एक गृहस्थ नियमित असतात. नात एकदा म्हणाली, "याच वळणावर परवा माझी गाडी उलटली होती." त्यांनी लिहून विचारले, परवा म्हणजे शुक्रवारी का? शुक्रवारी तर प्रक्षेपण नव्हते. ती शर्यत चार महिन्यांपूर्वीची. आमच्या गावात दखनीतला 'परसों' म्हणजे आजच्या मागचा कोणताही दिवस, मग तो गेल्या आठवड्यातला असो की गेल्या सालचा. आणि ती सवय आमच्या मराठीतल्या 'परवा'लाही लागली आहे. नातीने गाडी न थांबविता उत्तर दिले, "काका, हैदराबादेत जे जे होऊन गेलं ते सगळं परवाच!" इंदूरची बहीण इतकी हसली की पुढचे वळण सांगायचे राहून गेले, आणि मला कळेना की शर्यतीत पुढे कोण आहे.